ओळखीचा कोट

“तुझी बदकं म्हणजे राजघराणं लागून गेली का, मावशी?” होडीचा दोर खुंट्याला बांधता बांधता तुर्मोड म्हणाला. “लोक कुठून कुठून ही किनारपट्टी बघायला येतात आणि तू त्यांना धक्क्यावरूनच वाटेला लावतेस.”

“हळू बोल,” एवढंच ओलाउग म्हणाली.

समुद्री बदकं अंडी उबवायला आली की बेटावर मोठ्याने बोलायचं नसतं. कुत्रा बांधून ठेवायचा, दोरीवर कपडे फडफडू द्यायचे नाहीत, परक्याला आत येऊ द्यायचं नाही. हे तिला सासूने शिकवलं होतं. बदकांसाठी फळ्यांची, दगडांची बुटकी घरं बांधायची, आत वाळलेलं शेवाळ अंथरायचं. बदकं त्यात आपल्या छातीची पिसं घालतात. पिल्लं घेऊन ती गेली की ती मऊ पिसं आपली, रजयांत भरायला. पूर्वी एकही घर रिकामं राहत नसे. यंदा मोजक्याच माद्या आल्या होत्या.

होडीतून उतरलेली विब्के जर्मनीची. बर्फ वितळल्यापासून ती उत्तरेचा हा ओसाड किनारा पायी पालथा घालत होती, तंबूत झोपत होती, पक्षी बघत होती. ती धक्क्यावरच थांबली. पुढे येऊ का, असंही तिने विचारलं नाही. म्हणूनच ओलाउगने तिला कॉफी दिली.

बोलता बोलता विब्केने विचारलं, तुमच्यानंतर हे कोण करणार? ओलाउगने तुर्मोडकडे पाहिलं.

“माझ्याकडे नको बघूस,” तो हसला. “मला पिसांनी शिंका येतात.”

ते तिला लागलं. मग ती नको तितकं बोलली. मी पोटाखाली हात घालून अंडी चाचपते तरी मादी जागची हलत नाही, म्हणाली. आपल्यामागे हे पाहिलेलं एक तरी माणूस असावं, असं तिला वाटून गेलं. तिने अंगातला करडा कोट काढला आणि विब्केला दिला.

“हा घाला. त्यांना तोंड कळत नाही, कोट कळतो. एकट्याच जा. दोघी दिसलो तर बुजतील.”

हात लावू नका, हे सांगायचं राहून गेलं.

विब्के वाकून, अलगद पावलं टाकत गेली. पहिल्या घरापाशी बसली. मादीने मान वर केली, कोट पाहिला, मान खाली घातली. ओलाउगला भरून आलं. तेवढ्यात विब्केने हात आत घातला.

मादी उसळली. अंड्यांवर घाण उडवत, पंख फडफडवत सरळ पाण्याकडे धावली. तिच्या मागोमाग शेजारच्या घरांतल्याही निघाल्या.

विब्के रडत परत आली. पुन्हा पुन्हा माफी मागत राहिली.

“तुमचं काही चुकलं नाही,” ओलाउग म्हणाली. “कोट द्या.”

होडी गेल्यावर ती कोट घालून खाली उतरली. पलीकडच्या टोकाला दोन माद्या अजून बसून होत्या. नेहमीसारखं पुटपुटत ती निघाली. कोट दिसताच दोघींच्या माना ताठ झाल्या. एकीने घराबाहेर पाय टाकला.

ओलाउग जागीच थांबली. कोट काढला तर ती परकी, घातला तर वैरी. ती हलली नाही, तेव्हा कुठे मादी हळूच मागे सरून बसली.

मग अंडी पळवणारा, काळ्या पाठीचा मोठा कुरव पक्षी आला आणि पहिल्या घराच्या दाराशी उतरला. एरवी ती हात हलवत त्याच्या अंगावर धावली असती. आज धावली असती, तर उरलेल्या दोघीही गेल्या असत्या.

ती होती तिथेच ओल्या दगडावर बसली. कुरवाने आजूबाजूला पाहिलं, तिच्याकडेही पाहिलं, आणि सावकाश आत शिरला.