दोन जावई, दोन सिस्टीम

आईचा जुना कॉम्प्युटर एका रविवारी सकाळी कायमचा बंद पडला आणि दुपारपर्यंत घरात दोन पक्ष पडले.

आई मुद्रितशोधक. पस्तीस वर्षं छापखान्यात काढली, आता घरी बसून लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढते. माणसांतल्याही काढते, पण त्या फुकट. आम्ही दोघी बहिणी, आणि दोघींच्या नशिबी कॉम्प्युटरवालेच आले. ताईचा नवरा, म्हणजे माझे भावजी, एका बँकेत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचे साहेब. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. माझा नवरा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि जी सिस्टीम फुकट मिळते तीच खरी, अशी त्याची श्रद्धा आहे.

"आईंना विकतचीच सिस्टीम हवी," भावजी म्हणाले. "बिघडली तर विचारायला कंपनी असते."

"त्या कंपनीला कधी फोन लावलात का, साहेब? अर्धा तास नुसतं संगीत ऐकवतात. आमची बिघडतच नाही."

"सुरू झाली तर बिघडेल ना!"

आईनं चष्मा पुसला. "भांडू नका. दोन्ही आणून ठेवा. महिनाभर वापरते आणि मार्क देते. कशाकशाचे द्यायचे तेवढं सांगा."

दोघांनी मिळून ठरवलं: वापरायला सोपी किती, न अडकता चालते किती, सुरक्षित किती. प्रत्येकी दहा. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं, तेही शेवटचंच.

आईच्या टेबलाच्या दोन टोकांना दोन मशिनं बसली. भावजींनी सोबत दोन पानी सूचनापत्र दिलं. पासवर्ड चौदा अक्षरांचा, दर सोमवारी नवा. शिवाय दर वेळी फोनवर आकडा येणार, तो टाकायचा. आईचा फोन असतो आतल्या खोलीत. ती आकडा पाठ करत येईपर्यंत पडदा पुन्हा बंद झालेला. तिसऱ्या दिवशी भावजी विचारपूस करायला आले, तेव्हा तिनं त्यांचं सूचनापत्र त्यांच्या हातात ठेवलं. लाल शाईत सतरा चुका.

"'सुरक्षित'मधला क्षि ऱ्हस्व, जावईबापू. तुम्ही सगळीकडे दीर्घ केलाय."

"आई, अर्थ कळला ना?"

"अर्थ कळला. मार्क एक कापला."

माझ्या नवऱ्याच्या मशीनला पासवर्डची कटकट नव्हती. तिथं अडचण प्रिंटरची. एक पान मागितलं की चार निघायची. तो रोज कॉलेज सुटल्यावर आईकडे जायचा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवायचा आणि "आता झालंच" म्हणत जेवायच्या वेळेपर्यंत बसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार पानं. आईनं वहीत लिहिलं, "मशीन अडकत नाही. जावई अडकतो."

भावजींचं मशीन एकदा ऐन कामात स्वतःलाच सुधारायला बसलं. पडद्यावर आलं, "कृपया बंद करू नका." आई पाऊण तास हात मांडीवर ठेवून समोर बसून राहिली. "उठायचं ना," मी म्हटलं. ती म्हणाली, "अगं, कृपया म्हणत होतं."

तिची स्वतःची परीक्षा मात्र वेगळीच होती. रोज सकाळी ती दोन्हीकडे 'कुऱ्हाड' आणि 'दऱ्या' टाइप करून बघायची. नवऱ्याच्या मशीनवर ते शब्द सुरेख उमटायचे. भावजींच्या मशीनवर अर्धा र सुटा पडून कुऱ्हाडीचे तुकडे व्हायचे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आमची बाजू चार मार्कांनी पुढे होती, आणि नवरा घरात शीळ घालत फिरत होता.

मग आईच्या ई-मेलवर एक पत्र आलं. बँकेच्या नावानं, भावजींच्याच बँकेच्या. "आपले खाते सुरक्षीत ठेवण्या साठी तात्काळ खालील लिंक दाबावी." आईनं ते छापून घेतलं (अर्थात चार प्रती), लाल पेन फिरवलं आणि भावजींना फोन लावला. मी तिथंच होते.

"जावईबापू, तुमच्या बँकेच्या एका वाक्यात तीन चुका. असं पत्र बाहेर जातंच कसं?"

"आई, शुद्धलेखनाचं नंतर बघू. आज इथं फार गडबड आहे. सकाळपासून सगळी मशिनं बंद पडलीयत."

"मी काही ती लिंक दाबली नाही हो. इतक्या चुका करणाऱ्या माणसाचं काय ऐकायचं?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग भावजी हळूच म्हणाले, "कुठली लिंक?"

तेच पत्र त्यांनाही आलं होतं, आणि सकाळी ऑफिसात शिरताशिरता त्यांनी त्यातली लिंक दाबली होती. पत्रात त्यांना काहीच खटकलं नव्हतं; तेही 'सुरक्षीत' असंच लिहितात. बँकेचं कामकाज दोन दिवस बंद राहिलं. साहेबांवर चौकशी बसली, ताकीद मिळाली आणि नव्यानं भरती झालेल्या मुलांबरोबर सुरक्षेच्या प्राथमिक वर्गाला बसावं लागलं. ताई सांगत होती, घरी आले की भिंतीकडे बघत बसतात. कुलूपसुद्धा एकदाच ओढतात.

महिना संपला. भावजी येणारच नव्हते, ताईनं ओढून आणलं. आईनं वही उघडून निकाल वाचला. भावजींची सिस्टीम बावीस, आमची एकवीस.

"हे कसं शक्य आहे?" माझा नवरा उठूनच उभा राहिला. "वही बघू."

"वही माझी आहे," आई म्हणाली आणि तिनं ती मिटली.

पुढं ती भावजींकडे वळली. "तुमचंच मशीन ठेवते. पण कुऱ्हाड तुटतेय, तेवढी जोडून द्या."

भावजींनी मान हलवली आणि तिथंच कोट काढून बसले. चूक सिस्टीमची नव्हतीच, अक्षरांची फाइल त्यांनी जुनी टाकली होती. हे शोधायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. कुऱ्हाड अखंड उमटली तेव्हा त्यांनी आईला हाक मारून दाखवली, आणि त्या पत्रानंतर पहिल्यांदा हसले.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांग, किती मार्क फिरवलेस?"

"पाच." तिनं मागं वळून बघितलं नाही. "आयुष्यात तेवढीच चूक मी जाणूनबुजून सोडली. तुझा नवरा हरला तरी वाद घालतो. ताईचा गप्प बसला होता."

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. तो तीन दिवस माझ्याशीही बोलला नाही. चौथ्या दिवशी त्यानं आपलं मशीन आईकडून उचलून आणलं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडलं. आता आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो, आणि तो मला म्हणतो, "तू वापर गं महिनाभर. तू तरी नीट मार्क देशील."