न दुखणारी जागा

सावमाचा ताप सहाव्या दिवशीही उतरेना, तेव्हा तिची आई ओसाय तिला पाठीवर घेऊन आमच्या दवाखान्यात आली. नऊ वर्षांची पोर, डोळे लाल, अंगावर पुसट पुरळ. फ्लू निघाला नाही, डेंगूही नाही. घसा स्वच्छ.

तैपेईहून नवीनच आलेले डॉ. श्यू तिची मान चाचपत होते. "सिस्टर, डाव्या कानामागे गाठ सुजलीय. उजवीकडे काहीच नाही. असं का?"

वीस वर्षं मी तैवानच्या या किनाऱ्यावर नर्स आहे. म्हटलं, "वेणी सोडूया."

"माझ्या मुलीला उवा नाहीत हं!" ओसाय फणकारली.

"उवा कोण शोधतंय, बाई? सावमा, डोक्याला कुठे हात लावला की दुखतं का गं?"

"नाही."

"छान. मला न दुखणारीच जागा हवीय."

तापातही ती माझ्याकडे टकमक बघत राहिली. मी एकेक बट बाजूला करत गेले. कानाच्या वर, केसांच्या मुळाशी सापडली : विडीचा चटका बसावा तशी काळी खपली, भोवती लाल कडं.

"स्क्रब टायफस!" डॉक्टरांनी अशी खपली पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच पाहिली होती. "गवतातला बारीक किडा चावला की हा ताप येतो, चावा मात्र दुखत नाही. गवतात गेली होती?"

"छे! शाळा नि घर," ओसाय म्हणाली.

सावमानं मान खाली घातली. "पंधरा दिवसांपूर्वी... लाव्याचं घरटं होतं. अंडी फुटताना बघायला आडवी पडून राहिले."

"नको म्हटलं होतं ना तुला? इथे माझा जीव टांगणीला, आणि ही..." ओसाय थांबली. "मग? फुटली का?"

"चार."

रक्ताचा रिपोर्ट शहरातून यायला आठवडा लागणार होता. डॉक्टर थांबले नाहीत. डॉक्सीसायक्लीनचा पहिला डोस तिथेच दिला. दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला आणि सावमानं माशाचं सूप मागितलं. रिपोर्ट आला तेव्हा ती शाळेतही जाऊ लागली होती.

पण तिला तो किडा बघायचाच होता. शेवटी डॉक्टर आणि मी पँटचे पाय मोज्यांत खोचून गेलो, गवतात काळी ताटली ठेवली. दहा मिनिटांत तिच्यावर नारिंगी ठिपके चढले. डबीत बंद करून आणले, भिंगाखाली धरले.

"एवढासा?" सावमा म्हणाली. "यानं मला आजारी पाडलं?"

"यानं नाही. याच्या पोटात आणखी बारीक जंतू असतो, त्यानं."

"मग तो दाखवा."

ओसायनं कपाळावर हात मारून घेतला.