एक नंबरचं बटण

"बाई, सांगून ठेवतो, तुमच्या या गाडीचे नखरे म्हणजे लग्नघरातल्या थोरल्या आत्याबाईंचे," मागच्या सीटखाली डोकं खुपसून मिस्त्री म्हणाला. "कुठं जायचं नाही, यायचं नाही, पण रुसायला मात्र पुढे!"

बाई घरच्या गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. "बदलावी लागेल का बॅटरी?"

"लागेल. जीव गेला नाही अजून, पण नुसती धुगधुगी राहिलीय. पण तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर गाडीला हात लावत नाही."

"कळलं," एवढंच बोलून बाई चहा टाकायला आत गेल्या.

गाडी बाईंच्या यजमानांची, डॉक्टरसाहेबांची. युरोपातून आलेली, राखाडी, लांबलचक, बॅटरीसुद्धा मागच्या सीटखाली. लाकडाचा डॅशबोर्ड, चामड्याच्या सीटा, आणि दार लावलं की असा आवाज, जसं कुणी जाड पुस्तक मिटलं. साहेब गेले आणि गाडी मागे राहिली. लेक दूर देशातून फोनवर सांगायची, "आई, विकून टाक तो डबा." डबा म्हणे! हे ऐकून बाईंपेक्षा मिस्त्रीलाच जास्त झोंबायचं.

त्याला का झोंबू नये? त्याचं स्वतःचं वर्कशॉप केव्हाच बंद पडलं होतं. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर लावून विचारावं लागतं, बाई गं, तुला काय होतंय? ते त्याला कधी जमलं नाही. एकेक गिऱ्हाईक सटकलं, आणि उरली ती ही एक गाडी. चांगलं असलेलं ऑइलही तो बदलून टाकायचा. "जरा बघून जातो" म्हणत काम नसतानाही यायचा. खरं सांगायचं तर, "साखर किती घालू?" असं त्याला विचारणारं या जगात हे एकच घर उरलं होतं.

घरी कोण विचारणार? बायको जाऊन बरेच दिवस झाले होते. ती बुटकी. लग्नानंतर स्वयंपाकघरात फळी ठोकायची वेळ आली, तेव्हा कोपरात वाकवलेला हात भिंतीला लावून उभी राहिली होती, "हं, इथं लाव. हात न उंचावता मला पोचलं पाहिजे." त्यानं पेन्सिलीनं खूण केली होती. पुढं जन्मभर कप काढायला तो कमरेत वाकला आणि कुरकुरला. ती गेली त्याच आठवड्यात त्यानं फळी काढून वर, आपल्या डोक्याबरोबर ठोकली. कामाचा माणूस! अडचण दिसली की हातात पाना.

तर बॅटरी. जुनी काढण्याआधी एक छोटी बॅटरी वायरनं जोडून ठेवायची, म्हणजे गाडीचा करंट क्षणभरही तुटत नाही, ही त्याची पद्धत. आज नेमकी ती छोटी बॅटरी घरी राहिली होती. परत जायचा आला कंटाळा. जाऊन जाऊन काय जाईल? रेडिओचं घड्याळ. गाडी उभीच तर असते! त्यानं वायर काढल्या, नवी बॅटरी बसवली, किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं.

"ऐका! तरणीताठी झाली की नाही?"

बाईंनी चहाचे कप कट्ट्यावर ठेवले. इंजिन बंद करून तो उतरला, तशा त्या ड्रायव्हरच्या दाराशी आल्या, दारावरचं एक बटण त्यांनी दाबलं आणि थांबल्या. पुन्हा दाबलं.

"मिस्त्री, हे चालत नाही."

"कुठलं?"

"एक नंबरचं."

"हात्तिच्या, ते सीटचं होय! आपापली बसायची जागा लावून ठेवतात त्यात. बॅटरी काढली की पुसलं जातं ते. त्यात काय, परत लावून देतो. कशी पाहिजे तुम्हाला..."

बाईंनी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

"रोज संध्याकाळी येते मी," बाई शांतपणे म्हणाल्या. "हे बटण दाबते आणि पलीकडून जाऊन माझ्या जागेवर बसते. त्यांची सीट मागे जाते, स्टिअरिंग खाली येतं, आरसे वळतात. वाटतं, हे येऊन बसले. निघताना सीट पुढे करून ठेवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत येतील. हल्ली सीट अडखळायला लागली होती, म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "चुकलो हो बाई," तो कसाबसा म्हणाला. "माझा मेल्याचा आळस."

"जाऊ द्या. तुम्हाला काय माहीत."

"नाही, जाऊ कसं द्या? तुम्ही बसा तुमच्या जागेवर."

तो साहेबांच्या सीटवर बसला. पायाखालच्या मॅटवर टाचेनं झिजून खळगा पडला होता. त्या अंदाजानं त्यानं सीट मागे घेतली.

"अजून मागे," शेजारून बाई म्हणाल्या. "ते पाय पसरून बसायचे."

"माझे तर पेडलला पोचेनात!"

"हं. आता पाठ जरा कलती करा. पेशंटला सांगायचे ताठ बसा, आणि स्वतः असे रेलून." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या बाजूचा आरसा खाली. आणखी. मी उतरताना खड्ड्यात पाय घालीन म्हणून माझे पाय बघायचे त्यातून."

त्यानं आरसा खाली केला. स्टिअरिंग खाली आणलं.

"बास."

बाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मिस्त्रीच्या शेजारी एवढा वेळ कुणी बसून किती काळ लोटला होता! त्यानं हलकेच ते सगळं एक नंबरवर लावून टाकलं.

"तसंच झालं ना, बाई?"

बाईंनी सीटच्या चामड्यावरून हात फिरवला. "तसंच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त ते त्यांनी लावलं होतं. हे आपण लावलं."

त्या आवाजात राग नव्हता. गार झालेला चहा त्यानं उभ्याउभ्या प्यायला, हत्यारं गोळा केली आणि निघाला.

घरी आल्यावर त्यानं हत्यारांची पेटी खाली ठेवली नाही. ती घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेला. फळीवरचे डबे, कप उतरवले, स्क्रू काढले, फळी खाली घेतली. भिंतीतली खालची, तिच्या खुणेवरची जुनी भोकं त्यानं बुजवली नव्हती. कुठं मोजत बसायची गरजच पडली नाही. स्क्रू त्यांच्या त्यांच्या जागी गेले.

मग चहासाठी कप घ्यायला तो वाकला. कमरेत कळ आली, पूर्वी यायची तिथंच. कुरकुर न करता तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला.