उद्याची तारीख

"हा शिक्का तुम्हीच मारलात?" कोर्टात अर्जदार मुलीच्या वकिलांनी अर्ज माझ्यासमोर धरला.

"हो."

"तारीख वाचा."

मी वाचली. एक तारीख. अर्जाची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. कागद एक दिवस उशिरा आला, असे शिक्का सांगत होता आणि दोन वर्षांपूर्वी शपथपत्रात मीही तेच सांगितले होते.

विद्यापीठाच्या आवक खिडकीवर मी एकतीस वर्षे काढली. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, नोंदवहीत चढवायचा. माझी एक खोड होती. सकाळी खिडकीवर झुंबड उडते, म्हणून संध्याकाळी पाचलाच मी शिक्क्याची चाके फिरवून दुसऱ्या दिवसाची तारीख लावून ठेवायचो. पाचनंतर सहसा कोणी फिरकत नसे. सगळी कचेरी मला 'उद्याराव' म्हणायची आणि खरे सांगायचे तर मला त्याचे कौतुकच वाटायचे.

त्या दिवशी साडेपाचला दहा कमी असताना ही मुलगी धापा टाकत आली. डॉक्टरकीचे पहिले वर्ष दूरच्या विद्यापीठात पास झालेली. इथे आईच्या दोन्ही किडन्या निकामी, घरात दुसरे कोणी नाही, म्हणून इथल्या कॉलेजात बदली हवी होती. तिकडच्या कॉलेजाने ना हरकत दाखला दिला आणि त्याच दिवशी तिचे नाव पटावरून कमी केले. मी तिला पाणी दिले. "झालं बरं का तुझं काम," म्हणालो आणि ठप्पकन शिक्का मारला. तारखेकडे तिनेही पाहिले नाही, मीही नाही.

अर्ज मुदतीबाहेर ठरला. ती कोर्टात गेली. माझे शपथपत्र टाइप होऊन टेबलावर आले, तेव्हा मला ती संध्याकाळ लख्ख आठवली होती. ते लपवून उपयोग नाही. मी साहेबांकडे गेलो.

"अहो, एक शिक्का चुकला म्हणालात, की एकोणतीस वर्षांच्या सगळ्या शिक्क्यांवर बोट ठेवतील लोक," साहेब म्हणाले. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कशाला पायावर धोंडा पाडून घेताय?"

मी भ्यालो, एवढेच. मुकाट्याने सही केली.

"शपथपत्रात लिहिलंय ते सगळं खरं आहे?" मुलीच्या वकिलांनी आता सवयीने विचारले.

शेवटच्या बाकावर ती बसली होती. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. गेल्या महिन्यात निवृत्त झालेल्या माणसाला आता कशाची भीती होती?

"नाही," मी म्हणालो.

विद्यापीठाचे वकील ताडकन उठले. मी थांबलो नाही. चाके, पाचची वेळ, पाण्याचा पेला, सगळे सांगून टाकले.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून ठेवला. "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण त्या वर्षाच्या बदल्यांची मुदत संपून दोन वर्षं झाली. नियमाने ती मला वाढवता येत नाही. तुम्ही हे तेव्हाच सांगितलं असतंत, तर ही मुलगी आठवड्याभरात वर्गात बसली असती."

कोर्टातला तिचा दावा फेटाळला गेला.

बाहेर व्हरांड्यात कोर्टाच्या कारकुनाने मला गाठले. "काका, जबानीवर सही राहिली. खाली तारीख घाला."

ती भिंतीशी उभी होती. काहीतरी बोलायला हवे होते.

"आई कशी आहे?"

"गेल्या वर्षी गेली."

"मग ही बदली..."

"बदली नकोच होती हो काका आता. कुठल्यातरी पटावर नाव हवं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. "एका दवाखान्यात नंबर लिहिते मी. म्हातारे पेशंट मला डॉक्टरीणबाई म्हणतात. नका म्हणू, असं सांगावं लागतं."

पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता. तिने तो तळव्याने दाबून धरला. मी सही केली आणि तारखेपाशी माझे पेन अडले. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते.

"आज किती तारीख, पोरी?"

तिने सांगितली. मी ती लिहून पुरी करेपर्यंत तिने कागदावरची नजर काढली नाही.