जागा भरली

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो. माझी मूठ लाकडी, तिला एका बाजूने तडा गेलेला, आणि खाली दोनच शब्द कोरलेले : ‘जागा भरली’. एका वाचनालयाच्या टेबलाच्या वरच्या खणात माझा मुक्काम असतो.

ज्या दुकानात मी घडलो, तिथे माझ्या शेजारच्या शिक्क्यावर ‘अभिनंदन’ लिहिले होते. खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार हेवा वाटे. मी मात्र इथे आलो. इथल्या फळ्यावर नोकऱ्यांची कार्डे लागत. रोज सकाळी ग्रंथपालबाई मालकांना फोन करीत आणि जी जागा गेली असेल, त्या कार्डावर मला दाबत. मला पाहून लोकांची तोंडे वाकडी होत. बाई म्हणत, बातमी कडू असली तरी खरी आहे, निदान कोणाची पायपीट तरी वाचते. त्या बोलण्याने माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढे फळा गेला आणि त्याच्या जागी संगणकाचा पडदा आला. बाईंची भाची संगणकाचे काम करी. तिने समजावून सांगितले, की नोकऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या काही सेवा असतात. आपल्या पडद्याने त्यांना विचारायचे, त्यांनी उत्तर पाठवायचे, आणि ह्या विचारण्याच्या ठरलेल्या वाटेला एपीआय म्हणतात. कोणती सेवा घ्यायची, एवढेच ठरवायचे होते. एकीकडे हजारो नोकऱ्या होत्या, दुसरीकडे जेमतेम दोनशे. मावशी-भाचीने डोळे झाकून मोठी सेवा निवडली आणि माझी रवानगी खणात झाली.

त्या दिवसांत लोखंड कातायचे लेथ यंत्र चालवणारे एक मिस्त्री रोज येत. त्यांचा कारखाना बंद पडला होता आणि घरी बायको नि दोन मुली त्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. पडद्यावर त्यांना तीन कारखाने सापडले. तीन दिवसांत ते तिन्हीकडे जाऊन आले. तिन्ही जागा केव्हाच भरल्या होत्या, एक तर गेल्या वर्षीच. चौथ्या दिवशी ते पडद्याकडे पाठ करून बसले. बाईंनी विचारले तेव्हा म्हणाले, “फाटकावरचा रखवालदार हसला हो बाई. आता मला कुठे जायचं नाही.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खण उघडला, मला बाहेर काढले आणि भाचीपुढे ठेवले.

“ह्याचं काम तुझ्या यादीत कोण करतं?”

भाचीने मला उचलून माझे दोन शब्द वाचले. “कोणीच नाही, मावशी. जागा किती आहेत तेवढं मी बघितलं. शेवटच्या कधी तपासल्या, ते विचारलंच नाही.”

मग दोघींनी दोन्ही याद्यांतल्या वीस-वीस नोकऱ्या कागदावर उतरवल्या आणि फोन घेऊन बसल्या. मोठ्या यादीतल्या तेरा जागा भरलेल्या निघाल्या, छोटीतली फक्त एक. छोट्या सेवेची माणसे रोज मालकांना विचारत आणि भरलेली जागा तशी कळवत. त्या दुपारी मी चौदा वेळा उमटलो. म्हातारपणी असा मान कोणाच्या नशिबी येतो?

छोटी सेवा घेतली गेली. तिच्यात लेथची एकच नोकरी होती. मिस्त्री जायला तयार होईनात. तेव्हा बाईंनी त्यांच्यासमोरच कारखान्यात फोन लावला आणि म्हणाल्या, “ते वाट बघताहेत, मिस्त्री. माझ्या शब्दाखातर जा.”

तीन दिवसांनी मिस्त्री आले ते कामावरूनच. नखांत काळे तेल होते. ते थेट पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या नोकरीखाली माझेच दोन शब्द आले होते. ते त्यांनी बोट फिरवत वाचले.

“हे वाचून बरं वाटलं, असं पहिल्यांदाच झालं,” ते म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवसापासून ‘अभिनंदन’चा हेवा मी सोडून दिला. आता माझे काम पडदा करतो, मी खणात मजेत पडून असतो. तुमच्याकडे एकच मागणे आहे. कुठे पाटी लावलीत, तर काम झाल्यावर ती काढायलाही जा. ती वाचून कोणीतरी घरातून निघालेले असते.