मुरमाड वाफ्याची खुंटी

मी एक जुनी कडुलिंबाची खुंटी आहे. मित्रांनो, माझे सांगणे कितपत धरून चालावे, मला ठाऊक नाही. एका जागेवरून दिसले तेवढेच मी सांगते.

विजापूरकडच्या एका ज्वारी संशोधन केंद्रात, चढावरच्या मुरमाड वाफ्याच्या कोपऱ्यात हद्दीची खूण म्हणून मला ठोकले. उताराला काळी माती होती. तिथे कुठलेही वाण डोलायचे. माझ्याकडे चांगले वाणही खुरटायचे. दोष बियाण्याचा की जमिनीचा, कळत नसे. "हे शेत प्रयोगाला नालायक, बंद करा," असे बंगळूरचे साहेब म्हणू लागले.

तेव्हा संख्याशास्त्राच्या शैलजा मॅडम आल्या. प्रत्येक वाफ्याचे उत्पन्न शेजारच्या वाफ्यांशी ताडून मॅडम त्यातून जमिनीचा वाटा वजा करत. गणित संगणक करी.

"तुमचं यंत्र शेजाऱ्यांकडं बघून बोलतं?" खुरपणाऱ्या निंगव्वाने विचारले. "मग ते आमच्या गल्लीतलंच की हो!"

मॅडम हसल्या. "बोलू दे गं अक्का. त्यानंच शेत वाचेल, आणि तुझं कामही."

उभ्या पिकात भूमीला नैवेद्य द्यायच्या एळ्ळ अमावास्येला निंगव्वाने चरग्याचा घास शेतभर शिंपडला. बाजरीच्या भाकरीचा तुकडा माझ्या मुरमातही टाकला. "ही पण आईच की," ती म्हणाली.

मॅडमचे गणित खरे ठरले. जुन्या पद्धतीने दुप्पट वाफे पेरून जेवढी खात्री मिळाली असती, तेवढी आता आहेत त्याच वाफ्यांतून मिळू लागली. साहेब आले, त्यांनी मॅडमना हार घातला. मग चढाकडे बघत म्हणाले, "म्हणजे निम्मं शेत पुरतं!"

"नाही सर, मी तर शेत वाचवायला..."

"तुम्हीच सिद्ध केलंत ना, मॅडम?"



चढावर गोदाम झाले. निंगव्वाचे काम सुटले. उपटलेल्या खुंट्यांतून तिने मला उचलले. आता मी तिच्या दारात शेळी धरून असते. पुढच्या एळ्ळ अमावास्येला ती नैवेद्याची टोपली घेऊन चढाकडे गेली आणि भरल्या टोपलीने परतली.

"सिमेंटला काय भरवायचं?" असे म्हणत तिने घास शेळीपुढे ठेवला.

मित्रांनो, बचत मोजाल तेव्हा ती कुणाच्या घशात जाणार, हे आधी विचारा. विचारल्याने काही वाचेल, असे मात्र मला वाटत नाही.