सातव्या मजल्यावरचा रांजण

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो. जुना म्हणजे घरातल्या थोरल्या मुलीएवढा, दान्बीएवढा. ती पोटात होती, तेव्हा तिच्या आईने मला कुंभाराच्या गाडीवरून उतरवून घेतलं. दान्बी अजून सोळाची झालेली नाही, पण मी मात्र अडगळीत जमा झालो आहे.

माझा जन्म दक्षिणेच्या समुद्रकाठी झाला. कुंभाराने मातीच्या जाड वळ्या एकावर एक रचल्या, आतून-बाहेरून थोपटून माझं पोट गोल केलं आणि राखेच्या पाण्यात बुडवून भट्टीत ठेवलं. आमच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. रांजण श्वास घेतो, असं आमच्याकडे म्हणतात आणि ते खरंच आहे. ऊन आणि वारा मिळाला तरच आमच्या पोटातलं मुरतं.

आमचं घर देगू शहराची पूर्वेकडची हद्द संपते तिथून थोडं पलीकडे, बोरांच्या बागांमध्ये होतं. अंगणातल्या दगडी ओट्यावर माझी जागा होती. हिवाळा सरता सरता दान्बीची आई माझ्या पोटात मिठाचं पाणी भरायची, त्यात उकडून कुटलेल्या सोयाबीनच्या वाळवलेल्या विटा सोडायची आणि वर कोळसा नि लाल मिरच्या तरंगत ठेवायची. वसंतात त्याचं काळं, खारं, सुवासिक कांजांग, म्हणजे सोया सॉस, व्हायचं. गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन यायच्या. “दान्बीच्या आईचा हात नाही हो, हा रांजणच गुणाचा,” असं एकीने म्हटलं, तेव्हा दान्बीच्या आईला राग आला होता. मी मात्र फुगून गेलो होतो.

मग घरात शाळेचा विषय निघाला आणि दुसरा विषयच उरला नाही. आमच्या देशात कुठल्या हायस्कुलात गेलात, त्यावरून लोक तुमचं पुढचं सगळं आयुष्य वाचतात. चांगली हायस्कुलं शहराच्या एका भागात, आणि हद्दीबाहेरच्या मुलांना तिथे अर्जच करता येत नाही. दान्बी आठवीत गेली तशी आईने अंगणासकट घर विकायला लावलं. शहरातल्या सगळ्यांत नावाजलेल्या शाळेच्या बरोबर समोर, सातव्या मजल्यावर एक जुना, अरुंद फ्लॅट घेतला. त्यासाठी काढलेलं कर्ज दान्बीच्या बाबांच्या केसांपेक्षा जास्त दिवस टिकेल, असं बाबाच म्हणायचे.

“रांजण कशाला न्यायचा? दुकानात बाटली मिळते,” ते म्हणाले.

“बाटलीतलं तुम्ही खा. माझा रांजण येणार.”

आमच्याकडे सामान शिडीच्या गाडीवरून थेट खिडकीतून चढवतात. मीही तसाच गॅलरीच्या मोठ्या खिडकीतून आत आलो. खाली शाळेचं फाटक दिसत होतं. “बघ दान्बी,” आई म्हणाली, “छत्री विसरलीस तर इथूनच हाक मारीन.”

“आई, अजून चिठ्ठी निघायचीय.”

“फाटकासमोर राहणाऱ्या मुलीची चिठ्ठी दुसरीकडे निघेल का?”

थेट हद्दीपर्यंत पसरलेल्या त्या भागातल्या सगळ्या मुलांच्या जागा तिथल्या कुठल्याही शाळेत, कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या काढल्यासारख्या ठरतात, हे आईला ठाऊक होतं. पण फाटक इतकं जवळ होतं की तिचा त्यावर विश्वासच बसेना.

शाळा जवळ म्हणजे तिचा गोंगाटही जवळ. घंटा, भोंगा, फुटबॉलचा आरडाओरडा. दान्बीचे पहिल्याच परीक्षेत मार्क घसरले आणि आईने गॅलरीला जाड दुहेरी काचांची नवी खिडकी बसवून घेतली. ती कायम बंद असे. आवाज थांबला, आणि वाराही. त्या वर्षी माझ्या पोटात पांढरी बुरशी धरली. दान्बीच्या आईने बोटाने चाखून पाहिलं, सगळं मोरीत ओतलं आणि माझ्याकडे पाठ करून मोरी धूत राहिली. मला फार लाज वाटली. श्वास कोंडला होता, हे मी तिला सांगणार तरी कसं?

त्यानंतर दान्बी सोडवून झालेली सरावाची पुस्तकं माझ्यात टाकू लागली. “मुरू दे,” ती म्हणायची, “मुरून मार्क वाढले तर वाढले.” रात्री क्लासहून आली की ती काचेला कपाळ लावून माझ्याशेजारी बसायची. आम्ही दोघं एकाच काचेच्या आत होतो.

निकालाच्या दिवशी ती आली आणि कोट न काढताच उभी राहिली.

“कुठली?” आईने विचारलं.

“पूर्वेच्या टोकाची. हद्दीजवळची.”

बाबा आधी हसले, मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. “म्हणजे माझ्या कारखान्याच्या वाटेवर. जुन्या घरातून सायकलने गेली असती गं ही.”

“जुन्या घरातून अर्ज करता आला असता का?” आई म्हणाली.

“म्हणजे आपण इथे आलो ते मला तिकडे जाता यावं म्हणून,” दान्बी म्हणाली.

“विकून परत जाऊ या,” बाबा म्हणाले.

“हद्दीबाहेर गेलो तर तिची हीही जागा जाईल. आणि उजिन?” उजिन म्हणजे दान्बीचा धाकटा भाऊ. “त्याची चिठ्ठी अजून राहिलीय.” मग आई माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, “निदान रांजण तरी गावी माझ्या बहिणीकडे नेऊन ठेवा. त्याला तरी वारा लागू दे.”

बाबांनी आणि दान्बीने पुस्तकं उपसून मला खिडकीपर्यंत फिरवत नेलं. नव्या खिडकीची चौकट जाड होती आणि माझं पोट तिच्यात मावेना. आतल्या दाराशी नेलं, ते तर त्याहून अरुंद.

“मग हा आत आला कसा?” बाबांनी घाम पुसत विचारलं.

“तेव्हा खिडकी मोठी होती,” आई म्हणाली आणि तिथेच खाली बसली. निकाल ऐकून ती रडली नव्हती, ती आता रडली.

हल्ली रोज सकाळी बाबा आणि दान्बी एकाच गाडीतून, आम्ही जिकडून आलो तिकडे निघून जातात. आई काचेपाशी उभी राहून उजिनला समोरचं फाटक दाखवते. दान्बी संध्याकाळी परतली की आधी येऊन खिडकी उघडते. “ओरडू दे त्या शाळेतल्यांना,” म्हणते. तेवढाच काय तो मला वारा. उजिन अभ्यासाला बसला की आई ती पुन्हा लावून घेते.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही घर घ्याल, आणि मुलांच्या भल्यासाठीच घ्याल. जरूर घ्या. पण ज्यांना आत नेणार आहात, त्यांना पुन्हा बाहेर पडता येईल ना, हे आधी बघून घ्या. माझं पोट मापायला एक दोरी पुरली असती. दान्बीला नुसतं विचारलं असतं, तरी पुरलं असतं.